अंतराळात विमानासारखं वळता येत नाही

पडद्यावरच्या अंतराळयानाला डावीकडे वळायचं असलं की ते आधी डावा पंख खाली करतं, अंग कलतं करतं आणि सुंदर कमान काढत वळतं. मागे इंजिन सतत पेटलेलं असतं. पाठलाग करणारं यान त्याच्या शेपटीला लागतं, गोळ्यांच्या रंगीत रेषा सुटतात, इंजिनाला मार बसला की यान धूर सोडत ‘खाली’ जातं. हे सगळं वागणं विमानाचं आहे, आणि ते विमानाकडूनच आलेलं आहे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’साठी जॉर्ज लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानयुद्धांची दृश्यं जोडून एक नमुना-फिल्म तयार करवली होती आणि यानांच्या हालचाली तिच्यावरून बसवल्या होत्या. नंतरच्या कितीतरी मालिकांनी तीच रीत उचलली. मोठी जहाजं तर थेट समुद्रावरून आली: एकाच पातळीत, एकाच दिशेला डोकं करून, शेजारीशेजारी उभी राहून एकमेकांवर तोफा डागणारी.

विमान वळताना का कलतं, हे आधी पाहू. पंखांवर हवेचा जो उचल-दाब असतो तो पंखांना काटकोनात असतो. विमान सरळ उडत असताना तो पूर्ण वरच्या दिशेने असतो. विमान कललं की त्याचा काही भाग बाजूला वळतो आणि तो बाजूचा रेटा विमानाला वळवतो. म्हणजे वळवण्याचं काम हवा करते. इंजिनाला फक्त हवेच्या अडथळ्यावर मात करत राहायचं असतं.

हवा वळवते, हवाच थांबवते. इंजिनांची उष्णताही तीच वाहून नेते, आणि ढग, धुकं, क्षितिज यांच्या आड लपायलाही तिचीच मदत होते. ती काढून टाकली की ही चारही कामं यानाला स्वतःच्या साठ्यातून करावी लागतात. पडद्यावरच्या बहुतेक चुका या एका गोष्टीच्या विसरातून निघतात.

वळणाची किंमत

अंतराळात वेग मिळवल्यावर इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहतं. त्यामुळे इंजिन ‘चालू ठेवून’ प्रवास करायचं कारण नसतं. इंजिन पेटतं ते वेग किंवा दिशा बदलण्यापुरतं. यानात किती इंधन आहे यापेक्षा, त्या इंधनात एकूण किती वेगबदल करता येईल हा आकडा महत्त्वाचा. या क्षेत्रातले लोक त्याला डेल्टा-व्ही म्हणतात. मोहीम आखताना सगळ्यात आधी मांडला जातो तो याचाच जमाखर्च.

त्याचं सूत्र रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. इंजिनातून वायू किती वेगाने बाहेर पडतो आणि यानाचं भरलेलं वजन रिकाम्या वजनाच्या किती पट आहे, एवढ्या दोन गोष्टींवर वेगबदल ठरतो. त्यातली अडचण अशी की इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, म्हणून वेगबदल दुप्पट हवा असेल तर वजनाच्या पटीचा वर्ग होतो.

उदाहरण घेऊ. इंधन संपल्यावर १० टन भरणारं एक छोटं लढाऊ यान आहे. इंजिन द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं, म्हणजे रासायनिक इंजिनांमधलं जवळजवळ सर्वोत्तम. त्यातून वायू सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. यानाचा वेग आहे सेकंदाला १० किलोमीटर.

या यानाला नुसतं थांबायचं असेल तर ब्रेक लावायच्या क्षणी त्याचं वजन सुमारे ९७ टन हवं, म्हणजे ८७ टन इंधन. तोच वेग राखून काटकोनात वळायचं असेल, तर आधीच्या दिशेचा १० किलोमीटरचा वेग पुसायचा आणि नव्या दिशेचा १० किलोमीटरचा मिळवायचा. दोन्ही एकाच तिरक्या रेट्यात केलं तर १४.१ किलोमीटरचा वेगबदल होतो आणि वजन लागतं सुमारे २४९ टन. पूर्ण उलट फिरून त्याच वेगाने परत यायचं, तर २० किलोमीटरचा वेगबदल, आणि वजन ९४० टनांच्या वर. दहा टनांच्या यानाला एका ‘यू टर्न’साठी नऊशे तीस टन इंधन! पडद्यावर असा यू टर्न एका लढाईत चार वेळा दिसतो.

तिरका रेटा दिला की यान घसरत घसरत नव्या दिशेला लागतं, पण दिसायला ते विमानासारखं दिसत नाही. विमानासारखीच गोल कमान हवी असेल तर? वेग कायम ठेवून चाप काढत काटकोनात वळायचं तर एकूण १५.७ किलोमीटरचा वेगबदल लागतो आणि वजन जातं ३५५ टनांवर. म्हणजे चित्रपटातली लाडकी कमान हा वळायचा महागडा मार्ग आहे, आणि ती काढताना यानाचं नाक प्रवासाच्या दिशेला असूही शकत नाही. गोलात फिरायचं तर रेटा सतत गोलाच्या केंद्राकडे हवा. म्हणून नाक केंद्राकडे, इंजिनाची ज्वाळा गोलाच्या बाहेर, आणि यान आडवं सरकतंय, असं ते दृश्य दिसायला हवं. इतकं अनोळखी आणि इतकं देखणं दृश्य फार कमी जणांनी चित्रित केलं आहे, याचं वाईट वाटतं.

इंधनाचा प्रश्न एखाद्या काल्पनिक इंजिनाने सुटला असं धरलं, तरी आत बसलेल्या माणसाचं शरीर उरतंच. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर आतल्या माणसावर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सुमारे दहा हजार पट भार येईल. रशियाच्या सोयूझ यानातून वर जाताना अंतराळवीर साधारण ४ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या चौपट भार सोसतात, तेही पाठीवर आडवे पडून. भार ३ जीपर्यंत ठेवायचा म्हटलं तर वळणाची त्रिज्या निघते सुमारे ३,४०० किलोमीटर. म्हणजे चंद्राला वळसा घालता येईल एवढी जागा एका वळणाला लागते.

नाक एकीकडे, प्रवास दुसरीकडे

विमानाला नाक जिकडे तिकडेच जावं लागतं. यानाला ते बंधन नाही. इंजिन बंद ठेवून यान स्वतःभोवती फिरलं तर प्रवासाची दिशा तसूभरही बदलत नाही. म्हणून मागे लागलेल्या शत्रूला चुकवायला गिरकी घेण्याची गरजच नाही. मागे तोंड करा, पुढे जाता जाताच मागे मारा करा. ‘शेपटीला लागणं’ या डावपेचाला अंतराळात फारसा अर्थ उरत नाही.

हे फिरणं दोन रीतींनी होतं. एक, अंगावर ठिकठिकाणी बसवलेल्या छोट्या इंजिनांनी, म्हणजे थ्रस्टरनी. अपोलोच्या मुख्य यानावर असे १६ थ्रस्टर होते, प्रत्येकाचा रेटा ४४५ न्यूटन. फिरणं सुरू करायला एक झोत आणि थांबवायला उलट दिशेने तेवढाच दुसरा झोत लागतो. दुसरा नसेल तर यान फिरतच राहतं. पडद्यावर हा दुसरा झोत जवळजवळ कधीच दिसत नाही. दुसरी रीत म्हणजे आत फिरणारी जड चाकं. चाक एका दिशेला जोरात फिरवलं की यान उलट दिशेला हळू फिरतं, इंधन लागत नाही. हबल दुर्बीण याच तत्त्वावर वळते आणि ९० अंश वळायला तिला सुमारे १५ मिनिटं लागतात, म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याचा वेग.

मोठं जहाज झटकन का फिरू शकत नाही, याचा हिशेब छोटा आहे. ३०० मीटर लांबीचं जहाज ५ सेकंदांत अर्धं फिरवायचं ठरवलं: अडीच सेकंद वेग वाढवत, अडीच सेकंद कमी करत. मध्यावर बसलेल्यांना फक्त गरगरल्यासारखं होईल. टोकाला बसलेल्यांवर मात फिरण्याच्या ऐन वेगात सुमारे २४ जी एवढा बाहेर फेकणारा भार येईल. माणसं जगणार नाहीत, आणि जहाजाचा सांगाडाही मधोमध मोडायचा धोका. हीच अर्धी फेरी ६० सेकंदांत घेतली तर टोकाचा भार एका जीच्या सहाव्या भागाइतका उरतो. म्हणून मोठ्या जहाजाचं फिरणं संथ असतं, आणि त्याचा सेनापती नाकाजवळच्या काचेच्या दालनात बसत नाही. त्याची जागा जहाजाच्या मध्यभागी, इंधनटाक्यांच्या आणि सामानाच्या आड. खिडकीतून पाहायला तसंही काही नसतं.

पुढच्याला गाठायचं तर ब्रेक मारा

आतापर्यंत आपण मोकळ्या पोकळीतला हिशेब केला. ग्रहाभोवती, कक्षेत, गोष्ट आणखी उलटी होते.

पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर तुम्ही सेकंदाला ७.६७ किलोमीटर वेगाने फिरताय. तुमचं लक्ष्य त्याच कक्षेत १० किलोमीटर पुढे आहे. पडद्यावरचा वैमानिक इंजिन पेटवेल आणि पुढे झेपावेल. प्रत्यक्षात पुढच्या दिशेने सेकंदाला फक्त एक मीटर वेग वाढवला, तर यानाची कक्षा किंचित मोठी होते, एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे दोन सेकंद जास्त लागतात, आणि त्या दोन सेकंदांत लक्ष्य सोळा-सतरा किलोमीटर पुढे निघून जातं. गाठायला गेलो आणि फेरीअखेर अंतर अडीच पटींहून जास्त झालं!

बरोबर कृती अशी आहे: सेकंदाला ०.६ मीटर वेग कमी करायचा. कक्षा थोडी खाली उतरते, फेरी लवकर पूर्ण होते, आणि ९२ मिनिटांनी आपण लक्ष्याच्या जवळ येऊन पोचतो. तिथे तोच ०.६ मीटरचा वेग परत मिळवायचा, नाहीतर आपण पुढे सरकत राहू. ही दुसरी पायरी विसरली की लक्ष्य हातातून निसटतं.

हा धडा प्रत्यक्षात किंमत मोजून शिकावा लागला आहे. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या दुसऱ्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. ते लक्ष्याकडे नाक करून रेटा देत होते आणि लक्ष्य दूर जात होतं. बरंच इंधन खर्च झाल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी ६-ए हे जेमिनी ७ पासून सुमारे ३० सेंटिमीटरवर जाऊन थांबलं, कारण यावेळी आकडेमोड आधी झाली होती. पुढे चंद्रावर उतरलेले बझ ऑल्ड्रिन यांनी तर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६३ मध्ये केलेली डॉक्टरेटच कक्षेतल्या भेटीगाठींवर आहे.

आजही ही गाठ घालताना घाई चालत नाही. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडले गेले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले. मधल्या काळात ते टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर थांबून, तपासून जवळ आणले गेले. शेवटचा वेग सेकंदाला सुमारे १० मिलिमीटर इतका धिमा ठेवलेला होता. चालत्या लढाईत शत्रूच्या जहाजाला येऊन चिकटणं आणि दार फोडून आत घुसणं किती अवघड आहे, ते यावरून कळावं. शत्रूने एक थ्रस्टर अधूनमधून उडवला तरी सगळी जुळणी मोडते.

कक्षेची पातळी, म्हणजे तिचा कल, बदलणं तर याहून खर्चिक. विषुववृत्ताच्या पातळीत फिरणारं यान ६० अंश कललेल्या कक्षेत न्यायचं, तर जेवढा कक्षेचा वेग तेवढाच वेगबदल लागतो, म्हणजे जमिनीवरून नव्याने प्रक्षेपण करण्याच्या तोडीचा खर्च. त्यामुळे दोन जहाजं एकाच उंचीवर असली तरी ती एकमेकांच्या आवाक्यात असतीलच असं नाही.

‘बॉम्ब खाली टाकणं’ हेही कक्षेत होत नाही. सोडलेला बॉम्ब यानाच्या शेजारीच तरंगत राहील, कारण त्याचाही वेग कक्षेचाच आहे. खाली आणायचा तर त्याला मागच्या दिशेने रेटा द्यायला हवा. सोयूझला परतताना साडेचार मिनिटांच्या आसपास इंजिन चालवून सेकंदाला सव्वाशे मीटरच्या जवळपास वेग कमी करावा लागतो, आणि तरी ते वातावरणात शिरतं ते जवळजवळ अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून. म्हणून इंजिन बंद पडलेलं जहाज ग्रहावर कोसळत नाही. ते कक्षेत फिरत राहतं.

गोळी, लेझर आणि स्फोट

अंतराळात बंदूक चालते. काडतुसातल्या दारूत ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन रसायनाच्या रूपात असतोच. सोव्हिएत संघाच्या सॅल्युत ३ या लष्करी स्थानकावर खरोखरीची तोफ बसवलेली होती, आणि जानेवारी १९७५ मध्ये, आत माणसं नसताना, ती चालवून पाहिली गेली. तोफेच्या धक्क्याने स्थानक ढकललं जाऊ नये म्हणून त्याच वेळी थ्रस्टरही चालवावे लागले.

पडद्यावर हा धक्का कधी मोजला जात नाही. १०० टनांच्या यानातून एक किलोचा गोळा सेकंदाला १,००० मीटर वेगाने सोडला, तर यानाला उलट दिशेने सेकंदाला एक सेंटिमीटर वेग मिळतो. शंभर गोळे झाडले की एक मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात यान ठरलेल्या जागेपासून ८६ किलोमीटर दूर गेलेलं असतं. तोफेची नळी यानाच्या वजनमध्याच्या रेषेत नसेल तर भर म्हणून यान गरगर फिरायलाही लागतं.

खरं तर दारूगोळ्याची गरजच कमी. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आलेल्या एक किलो वजनाच्या कुठल्याही वस्तूत एक किलो टीएनटीहून थोडी जास्त ऊर्जा असते. १० किलोमीटर वेगाला तीच बारा किलोंची होते. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे उपग्रह सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर सेकंदाला साडेअकरा किलोमीटरहून जास्त सापेक्ष वेगाने धडकले आणि नोंद ठेवण्याएवढे मोठे दोन हजारांवर तुकडे झाले. एकाही तुकड्यात स्फोटकं नव्हती. शत्रूच्या वाटेत खिळ्यांचं पोतं रिकामं करणं हा अंतराळातला सगळ्यात स्वस्त मारा आहे, आणि सगळ्यात घातकही. कारण ते खिळे मित्र-शत्रू न पाहता पुढे वर्षानुवर्षं त्याच कक्षांमधून धावत राहतात.

अशा वेगासमोर जाड पोलादी चिलखताचा उपयोग वजनाच्या मानाने कमी. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४०च्या दशकात मांडलेला उपाय आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वापरात आहे: मुख्य भिंतीच्या बाहेर, काही अंतर सोडून, एक पातळ पत्रा. कण पत्र्यावर आदळला की स्वतःच चुरा होतो, काही अंशी वितळतो, आणि त्याचा पसरलेला फवारा आतल्या भिंतीवर विखुरला जातो. दोन पत्र्यांमधलं रिकामं अंतर इथे खरं काम करतं. हे कवच सेंटिमीटरभर आकाराच्या कणांपर्यंतच पुरतं, त्यापुढे वाट सोडणं हाच मार्ग.

लेझरचा किरण अंतराळात बाजूने दिसत नाही. दिसायला धूळ किंवा वाफ लागते, तिच्यावरून विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. हवा नसल्याने किरण वाटेत फाटत नाही, हा मोठा फायदा आहे. पण तो पसरतो, आणि हे पसरणं कुठल्याही कारागिरीने टळत नाही. एक मायक्रोमीटर तरंगलांबीचा एक मेगावॅट लेझर, निर्दोष अशा एक मीटर आरशातून सोडला, तर १,००० किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे अडीच मीटर व्यासाचा होतो आणि तिथला प्रकाश उन्हाच्या दीडशे पट प्रखर असतो. एकाच जागी रोखून धरता आला तर पातळ भाग तापवून निकामी करता येतील. पण एक लाख किलोमीटरवर ठिपका अडीचशे मीटरच्या जवळ जातो आणि प्रकाश उन्हाच्या साठाव्या हिश्श्यावर येतो. त्या लक्ष्याला त्याचा काही त्रास होणार नाही.

शिवाय प्रकाशालाही वेळ लागतो. तीन लाख किलोमीटरवरचं जहाज आपल्याला एक सेकंद जुनं दिसतं, आणि आपला किरण पोचायला आणखी एक सेकंद जातो. त्या दोन सेकंदांत १ जीने सरकणारं जहाज अंदाजलेल्या जागेपासून सुमारे २० मीटर हललेलं असतं. दहापट अंतरावर हीच चूक जवळजवळ दोन किलोमीटरची होते. म्हणून दूरच्या लढाईत जीव वाचवण्याची खरी युक्ती गिरकी नव्हे. अनियमित वेळांनी, अनियमित दिशांना छोटे छोटे रेटे देत राहायचं, एवढंच.

स्फोटाबद्दल थोडक्यात. हवा नाही म्हणून धक्कालाट नाही, ज्वाळांचे लोट नाहीत, आवाज नाही. एक लख्ख चमक आणि सगळ्या दिशांना सरळ रेषेत सुटलेले तुकडे. अणुस्फोटही असाच: ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडते, आणि अंतर दुप्पट झालं की मारा चौथा हिस्सा उरतो. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा ‘स्टारफिश प्राइम’ स्फोट केला, तेव्हा चौदाशे किलोमीटरहून दूर हवाई बेटांवर रस्त्यावरचे काही दिवे बंद पडले. स्फोटाने निर्माण झालेला किरणोत्सारी पट्टा पुढे कितीतरी काळ टिकला आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेल्या टेलस्टारसह अनेक उपग्रहांना त्याने नुकसान केलं. नुकसान झालं ते विजेचं आणि किरणोत्साराचं, धडाक्याचं नाही.

उष्णता: ज्याबद्दल कोणी बोलत नाही

पडद्यावरच्या अंतराळात सगळं गारठलेलं असतं. प्रत्यक्षात यानांची मोठी डोकेदुखी असते उष्णता बाहेर टाकण्याची. थर्मासची बाटली चहा गरम का ठेवते? भिंतींच्या मध्ये निर्वात जागा असते म्हणून. अंतराळयान अशाच बाटलीत बसलेलं आहे. उष्णता जाते ती फक्त अवरक्त किरणांच्या रूपात, आणि त्यासाठी मोठमोठे रेडिएटर पसरावे लागतात. अंतराळ स्थानकावर अमोनिया फिरवणारी नळ्यांची दोन वर्तुळं मिळून ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतात, तेवढ्यासाठी ते लांबलचक पांढरे पडदे आहेत.

आता आपल्या एक मेगावॅट लेझरकडे परत या. त्याची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर प्रत्येक मेगावॅट किरणामागे यानातच २.३ मेगावॅट उष्णता साठते. साधारण २७ अंश सेल्सियसच्या रेडिएटरने ती टाकायची तर दोन्ही बाजूंनी उष्णता सोडणारा २,५०० चौरस मीटरचा पडदा लागतो, म्हणजे पन्नास मीटर बाय पन्नास मीटर. रेडिएटर जास्त तापवला तर लहान चालतो, पण लेझरचे भाग तेवढ्या तापमानाला टिकत नाहीत. एवढा नाजूक पडदा लढाईत उघडा ठेवणं म्हणजे शत्रूला निशाणा दाखवणं. तो मिटून घेतला तर उष्णता साठवायला बर्फ ठेवता येईल. एक टन बर्फ वितळून त्याचं पाणी उकळीला येईपर्यंत लेझर सुमारे सव्वापाच मिनिटं चालेल. त्यानंतर एकतर पाणी वाफ करून बाहेर सोडायचं, नाहीतर मारा थांबवून पडदे उघडायचे. लढाई कोण आधी तापतं यावर ठरू शकते, आणि जहाजाने रेडिएटर पसरणं ही शरणागतीची खूण होऊ शकते. कथेसाठी यात केवढा ताण भरलेला आहे!

लपण्याचा प्रश्नही इथेच निकालात निघतो. अंतराळाची पार्श्वभूमी निरपेक्ष शून्याच्या (शक्य तेवढ्या नीचतम तापमानाच्या) अवघी २.७ अंश वर, म्हणजे उणे २७० सेल्सियस. माणसं आत जिवंत असतील तर यानाचं अंग त्यामानाने धगधगतं दिसणार. व्हॉयेजर १ या दूर गेलेल्या यानाचा प्रेषक २०-२५ वॅटचा आहे आणि त्याचा संदेश २,४०० कोटी किलोमीटरहून जास्त अंतरावरून आपण ऐकतो, अर्थात कुठे कान लावायचा हे माहीत असल्यामुळे. मुख्य इंजिन पेटवणारं जहाज याच्या कोट्यवधी पट शक्ती बाहेर ओतत असतं. ते लघुग्रहांच्या गर्दीत दडूनही बसू शकत नाही, कारण अशी गर्दीच नाही. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात मोठ्या लघुग्रहांमधली अंतरं लाखो किलोमीटरांची आहेत. १९७२-७३ मध्ये पायोनियर १० या पट्ट्यातून पहिल्यांदा पार गेलं, त्यानंतर कितीतरी यानं गेली, आणि कोणालाही दगड चुकवत जावं लागलं नाही.

भोक पडलं तर

गोळी आरपार गेली की सगळी माणसं एका झटक्यात बाहेर ओढली जातात, हे दृश्यही तपासून पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या एका सोयूझ यानात सुमारे दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. दाब इतका हळू उतरत होता की आधी यंत्रांवरच्या आकड्यांत दिसला, मग शोधाशोध झाली, आणि भोक चिकट लेप लावून बुजवण्यात आलं. दहा सेंटिमीटरचं भोक पडलं आणि खोली शंभर घनमीटरची असेल, तर दाब निम्म्यावर यायला पाऊण ते एक मिनिट लागेल. शेजारच्या खोलीत जाऊन दार लावायला तो पुरतो, तोंडाला मास्क लावायलाही. भोकाच्या अगदी तोंडाशी असलेल्या माणसाला मात्र धोका खराच आहे.

शहाणं जहाज लढाईच्या आधीच सगळ्यांना अंतराळपोशाख चढवायला लावेल आणि खोल्यांमधली हवा टाक्यांमध्ये खेचून घेईल. मग आग पसरायला ऑक्सिजन नाही, भोकातून हवेचा झोत सुटून जहाज ढकललं जायचं नाही, आणि दारं अडकायची नाहीत. आवाजही हवेबरोबर जातो. मग जहाजाला मार बसला तर तो कानांना कळत नाही, बुटांच्या तळव्यांतून आणि भिंतीवर टेकलेल्या हातमोज्यातून कळतो.

शेवटी ज्याचं इंजिन निकामी झालं ते जहाज. पडद्यावर ते जागच्या जागी थांबतं आणि मदतीची वाट पाहतं. मोकळ्या पोकळीत मात्र मार बसायच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला १० किलोमीटर होता, तर आताही तेवढाच आहे. तासाभरात ते ३६,००० किलोमीटर पुढे गेलेलं असेल, दिवसभरात साडेआठ लाखांहून जास्त. त्याला वाचवायला जाणाऱ्याला आधी त्याच्याहून जास्त वेग घ्यायचा, गाठल्यावर त्याच्या वेगाशी आपला वेग जुळवायचा, माणसं घ्यायची, आणि मग दोघांच्या वजनासह तो सगळा वेग पुसून परत फिरायचं. लढाईत कोण जिंकलं याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही. ज्याच्या टाकीत तेवढा वेगबदल उरला असेल तोच जाऊ शकतो, मग तो मित्र असो की ज्याने गोळी झाडली तो.